जुन्नरच्या घाटवाटा आणि दोन फटफट्या



वाहन कोणतें घ्यावें हा प्रश्न जुन्नरच्या परिसराला नवा नाहीं. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटानें वर चढून जुन्नरच्या पेठेंत येत असे. त्या घाटांतील लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख असून, यज्ञांच्या प्रसंगीं दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणीं यांची लांबलचक जंत्री त्यांत कोरलेली आहे. हत्ती-घोडे हें राजवैभव खरें. परंतु कोंकणांतून येणारें ओझें त्या अरुंद दगडी वाटेनें वर आणण्याचें काम पाठीवर गोण्या वाहणाऱ्या जनावरांचें होतें. वैभवाचें वाहन एक आणि रोजच्या उपयोगाचें दुसरें, हा भेद इतका जुना आहे.

पुढें मोटारींचा काळ आला. नाणेघाटाच्या पायऱ्या मोटारीच्या उपयोगाच्या नव्हत्या. गाडीरस्ता माळशेज घाटानें झाला आणि नाणेघाट पायीं चालणाऱ्यांकडे राहिला. वाट वाहनाची परीक्षा घेते ती अशी.

आज मी आपणांस याच मुलखांतील एका अलीकडच्या निवडीची हकीकत सांगणार आहें. १९६१ पासून १९९६ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षें, मध्यम आकाराची, एका सिलिंडरची दणकट फटफटी घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थापुढें मुख्यतः दोन नांवें असत: एक मद्रासची बुलेट, आणि दुसरी म्हैसूरची जावा, जिला पुढें येझदी हें नांव मिळालें. इतिहास म्हटला कीं आपली दृष्टि शिवनेरीकडे जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या वस्तूंत एका कुटुंबाची अनेक वर्षांची शिल्लक गुंतते, आणि घरचा कर्ता माणूस जिच्या भरंवशावर रोज घाट उतरतो, तिलाही इतिहास असतो.

बुलेटचें मूळ इंग्लंडांत, रेडिच या गांवीं. रॉयल एन्फील्ड कंपनीनें हें नांव १९३२ सालीं प्रथम वापरलें. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवरील गस्तीसाठीं भारतीय सैन्याला मजबूत फटफट्या हव्या होत्या. त्यासाठीं ३५० जातीच्या ८०० बुलेट मागविण्यांत आल्या. १९५५ सालीं मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनीं मिळून एन्फील्ड इंडिया ही संस्था काढली व मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथें कारखाना उभा राहिला. १९७० च्या सुमारास मूळ इंग्रज कंपनी मावळली. मद्रासचा कारखाना मात्र चालूच राहिला. वडाचा बुंधा वठावा आणि पारंबीनें जमीन धरून झाड व्हावें, तसाच हा प्रकार झाला.

जावा ही चेकोस्लोव्हाकियांतली. जानेचेक नांवाच्या कारखानदारानें १९२९ सालीं वांडरर या जर्मन कंपनीची फटफटी बनविण्याचे हक्क घेतले, आणि दोन्ही नांवांचीं आरंभींचीं अक्षरें जोडून जावा हें नांव तयार केलें. जावा बेटाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. मुंबईचे रुस्तम इराणी यांनीं म्हैसूर येथें आयडियल जावा हा कारखाना काढला, आणि १९६१ सालीं म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. १९७३ पासून गाडीवर येझदी हें नांव येऊं लागलें.

आतां या दोघींची कुंडली मांडून पाहूं. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ९० मिलिमीटर. घनफळ ३४६ घन सेंटिमीटर. जावाचा व्यास ६५, धांव ७५ आणि घनफळ २४९. जावाला दोन सायलेन्सर असल्यामुळें तिला दोन सिलिंडर आहेत असा पुष्कळांचा समज होई. वस्तुतः सिलिंडर एकच. घनफळांतील हा फरक पाहून बुलेट कितीतरी सरस असें वाटेल. पण बुलेटचें इंजीन चार फेऱ्यांचें, म्हणजे पिस्टनच्या चार खेपांत स्फोट एकदां. जावाचें दोन फेऱ्यांचें, म्हणजे प्रत्येक दोन खेपांमागें एक स्फोट. त्यामुळें लहान इंजीनही मोठ्याच्या खांद्याला खांदा लावून उभें राहतें. १९७८ सालीं आलेली येझदी रोडकिंग १६ अश्वशक्तीची होती, तर बुलेट १८ अश्वशक्तीची. कागदावर पाहिलें तर निवड करणें कठीण.

कागद बाजूस ठेवून आपण जमिनीकडे वळूं. जुन्नर आणि आंबेगांव हे दोन तालुके पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पोंचतात आणि पूर्वेस कोरड्या पठारावर उतरतात. पश्चिमेस भीमाशंकराच्या बाजूला धो धो पाऊस, भातखाचरें आणि हिरड्याचीं झाडें. पूर्वेस नारायणगांव, मंचर, ओतूर येथील टोमॅटो, बटाटा व कांदा यांच्या बाजारपेठा. मधून पुणें-नाशिकचा हमरस्ता जातो. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनीं जुन्या वाटाही बदलल्या. ज्या गांवावरून तालुक्याला आंबेगांव हें नांव पडलें, तें गांवच डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे.

अशा मुलखांतील एक शिक्षक कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. घर घोडेगांवीं, शाळा पश्चिमेच्या डोंगरांतल्या एका वाडीवर. जातांना चढ, येतांना उतार. चार महिने चिखल. सुटीच्या दिवशीं मागें पत्नी आणि पुढें टाकीवर मूल घेऊन मंचरचा बाजार. त्याला दोन गाड्या घेणें शक्य नाहीं. एकच घ्यावयाची आणि ती पंधरा-वीस वर्षें पुरवावयाची. त्यानें काय करावें?

सकाळीं गाडी सुरू करण्यापासूनच दोघींचे स्वभाव निराळे दिसत. बुलेटला मान द्यावा लागे. दट्ट्या दाबून सिलिंडरांतला दाब सोडावयाचा, किक हळू फिरवून विजेचा कांटा मध्यावर आणावयाचा, आणि मग एकच निश्चयी लाथ. हा विधि चुकला तर किक उलटून घोट्यावर आदळे. जावा त्या मानानें गरीब गाय. तिच्या डाव्या अंगाला एकच दांडा असे; तोच फिरविला कीं किक होई आणि सुरू झाल्यावर तोच गिअर बदलण्याच्या कामीं येई. बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. एका गाडीची संवय झालेला माणूस दुसरीवर बसला, तर ऐन वेळीं ब्रेकऐवजीं गिअर दाबी. आणि घाटांत अशी चूक एकदांच होते.

चिखलाच्या चढावर बुलेटची लांब धांव व जड चक्र उपयोगीं पडे. फारसा गिअर न बदलतां, सावकाश ठोके देत ती वर येई. पण तीच बुलेट खाचराच्या बांधावर आडवी झाली, तर उचलावयास दुसरा माणूस हांकेच्या अंतरावर असावा लागे. जावा हलकी, एकट्यानें सांवरतां येण्यासारखी. आणि तिची साखळी पूर्णपणें पत्र्याच्या आवरणांत असल्यामुळें चिखल व धूळ आंत शिरत नसे.

खरी परीक्षा उतारावर. दोन फेऱ्यांच्या इंजिनाला वंगण मिळतें तें पेट्रोलमध्यें मिसळलेल्या तेलांतून. लांब उतारावर चालक मूठ मिटून गाडी सोडतो, तेव्हां पेट्रोल थांबतें आणि त्याबरोबर तेलही थांबतें. चाकें मात्र इंजिनाला फिरवीतच असतात. अशा वेळीं पिस्टन तापून सिलिंडरांत घट्ट धरण्याचा धोका असतो. शिवाय या जातीचें इंजीन उतारावर गाडीला फारसें आवरीत नाहीं; सारा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले कीं त्यांची पकड कमी होते. म्हणून जाणते जावावाले माळशेज उतरतांना मधून मधून मूठ थोडी उघडीत. बुलेटचें तेल निराळें ठेवलेलें आणि पंपानें फिरविलेलें. खालच्या गिअरमध्यें ती उतारावर स्वतःच स्वतःला आवरून धरी. जो रोज घाट उतरतो त्याच्यासाठीं हा फरक जिवाचा होता. जो नारायणगांव-आळेफाटा एवढ्याच सपाटीवर फिरतो, त्याला तो आयुष्यांत जाणवलाही नसेल.

दुसरी परीक्षा मिस्त्रीच्या दुकानांत होई. जावाच्या इंजिनांत झडपा नाहींत. हलणारे भाग मोजके. सायलेन्सरांत सांचलेला कार्बन काढणें, प्लग पुसणें, प्रसंगीं पिस्टनच्या कड्या बदलणें, हीं कामें चार पान्यांवर खेड्यांतही होत. बुलेटला झडपांचें अंतर बरोबर लावून देणारा, कान तयार असलेला माणूस लागे. तो मिळाला तर गाडी पिढीभर चाले. न मिळाला तर तिच्याखालीं तेलाचा थेंब आणि मालकाच्या कपाळावर आठी कायम. पेट्रोलच्या बाबतींत मात्र बुलेट काटकसरी, कारण दोन फेऱ्यांच्या इंजिनांतून कांहीं मिश्रण न जळतांच धुराड्यावाटे निघून जातें. १९७३ नंतर जगभर तेल महागलें, तेव्हां हा दोष खिशाला जाणवूं लागला.

मग या दोघींच्या स्पर्धेचा निकाल काय लागला? १९९६ सालीं म्हैसूरचा कारखाना बंद झाला, बुलेट टिकली. यावरून बुलेट श्रेष्ठ होती असें म्हणण्याचा मोह होतो. पण तो निष्कर्ष घाईचा आहे. १९८५ सालीं हीरो होंडाची १०० घन सेंटिमीटरची गाडी आली, आणि थोड्या पेट्रोलवर फार चालणाऱ्या असल्या हलक्या गाड्यांनीं दोघींचेंही गिऱ्हाईक ओढून नेलें. त्यांतच धुराविषयींचे नियम कडक होत गेले, आणि त्यांचा तडाखा दोन फेऱ्यांच्या इंजिनाला अधिक बसला. बुलेटला सैन्य आणि पोलीस या खात्यांचा आधार होता. १९९४ सालीं आयशर उद्योगसमूहानें तिचा कारखाना आपल्यांत सामावून घेतला, तरी त्यानंतरही कांहीं वर्षें तो चालू ठेवावा कीं बंद करावा हा विचार चालूच होता. तेव्हां बाजारांत कोण टिकलें यावरून शिक्षकाची निवड बरोबर कीं चूक, हें ठरवितां येत नाहीं. ज्यानें आपल्या वाटेला व आपल्या मिस्त्रीला शोभेल अशी येझदी घेतली, त्याची निवड कारखाना बंद झाला म्हणून चुकीची ठरत नाहीं.

२०१८ सालीं जावा हें नांव भारतांत पुन्हां आलें, २०२२ सालीं येझदीही आली. पण आतां इंजीन चार फेऱ्यांचें आणि पाण्यानें थंड होणारें. जुन्या निवडीचें खरें प्रतिबिंब मला दुसरीकडे दिसतें. २०२० सालीं रॉयल एन्फील्डनें ३४९ घन सेंटिमीटरचें नवें इंजीन आणलें, आणि त्याच वर्षीं होंडानें ३४८ घन सेंटिमीटरची सीबी ३५० ही गाडी भारतांत आणली. होंडाच्या सिलिंडरचा व्यास ७० आणि पिस्टनची धांव साडेनव्वद मिलिमीटर. म्हणजे जुन्या बुलेटचेंच माप जवळजवळ जसेंच्या तसें! दोहोंची शक्ति वीस अश्वशक्तीच्या आसपास, दोहोंना पांच गिअर. दोघींनींही ३५० ची मर्यादा ओलांडली नाहीं, यांत कराच्या हिशेबाचाही भाग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के आणि त्यावरील दुचाकीवर ४० टक्के वस्तु-सेवा कर लागूं झाला.

पूर्वीं दोन यंत्रांत जातीचाच भेद होता. आज तो पुष्कळ अंशीं पुसला गेला आहे. उतारावर दोन्ही इंजिनें गाडीला आवरतात, दोन्हींचा गिअर डाव्या पायाला आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घन सेंटिमीटरवरील प्रत्येक नव्या गाडीला चाक घसरूं न देणारी ब्रेकयोजना सक्तीची झाली आहे. ती दोन्ही चाकांना आहे कीं पुढच्या एकाच चाकाला, एवढें मात्र विचारून घ्यावें. वजनांत फरक आहे: एन्फील्डची क्लासिक १९५ किलोची, होंडाची गाडी १८१ किलोची. चौदा किलो म्हणजे मोठी बाब नव्हे, असें शहरांत वाटेल. गोठ्याच्या उतारावरून गाडी मागें ओढतांना ते चौदा किलो दंडांना जाणवतात.

आणि मिस्त्रीचा प्रश्न तर पूर्वीपेक्षां अधिक कठीण झाला आहे. आजच्या गाडींत पेट्रोलची मात्रा विजेच्या यंत्रणेनें ठरते. चार पान्यांवर तिचें निदान होत नाहीं. म्हणून गाडीची शक्ति विचारण्याआधीं आपल्या गांवापासून तिची कर्मशाळा किती दूर आहे, तेथें भाग किती दिवसांत मिळतो, आणि आपल्या शेजाऱ्यांपैकीं जे ती वापरतात त्यांची गाडी वर्षांत किती दिवस उभी राहिली, हें विचारावें. मग आपल्या रोजच्या वाटेवरचा सर्वांत वाईट तुकडा निवडून, मागें बसणाऱ्या माणसाला खरोखरच मागें बसवून, चढ व उतार दोन्ही करून पाहावे. दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर दोन्ही गाड्या सारख्याच छान चालतात.

नाणेघाटानें माल आणणाऱ्या व्यापाऱ्यानें बैल घेतांना त्याचीं शिंगें व रंग पाहिला असेलच. पण पैसे मोजण्यापूर्वीं त्यानें खूर तपासले असतील, याविषयीं मला मुळींच शंका वाटत नाहीं.