कापसासाठी काढलेला कालवा

आपल्या मांजराचं पाणी गोदावरीतून पार सिरोंच्यापर्यंत जातं. त्या भागात गोदावरी-प्राणहितेच्या पात्रात खडकांचे तीन अडसर आहेत: दुम्मागुडेम, इंचमपल्ली, देवलमरी. वऱ्हाड-नागपूरचा कापूस नावेनं समुद्राला न्यायला इंग्रजांनी तिथं बाजूनं कालवे काढायचं ठरवलं. डोकं आर्थर कॉटनचं. दुम्मागुडेमला लॉकही बांधले. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. नाव आत घ्यायची, दारं लावायची. पाणी भरलं की नाव वर, सोडलं की खाली. पण उन्हाळ्यात नदीलाच पाणी नाही, तर लॉक काय करणार? १८६७ ला रेल्वे नागपुरात आली, १८७१ ला काम बंद. कॉटनच्याच धवळेश्वरमच्या बंधाऱ्यानं १८५२ पासून भात भिजवला. तो जुना झाल्यावर सरकारनं तिथं नवं बॅरेज बांधलं.