रद्दी ते तिजोरी : जुन्या सुपरहिरो कॉमिक्सची दुर्मीळता आणि प्रतवारी



आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाचा माणूस कॉमिक्सवर काय बोलणार? पण वस्तूचं मोल कुठून येतं, हा प्रश्न आमच्या विषयात फार जुना आहे, आणि त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे सापडलेलं नाही. म्हणून आज अमेरिकेतल्या सुपरहिरो कॉमिक्सचा इतिहास बघू.

सुरुवात १९३८ सालापासून करावी लागते. त्या वर्षी एप्रिलमध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक बाजारात आला. मुखपृष्ठावर जून महिना छापलेला, किंमत १० सेंट. सुपरमॅन जगासमोर आला तो या अंकात. अंदाजे दोन लाख प्रती छापल्या गेल्या. आज जगात शंभराच्या आसपास प्रती उरल्या असाव्यात, असं जाणकार मानतात. म्हणजे दोन हजारांत एक!

आता बघा, दोन लाख प्रती छापलेली वस्तू दुर्मीळ नसतेच. ती दुर्मीळ *होते*. तेव्हा विचारायचं ते हे, की बाकीच्या प्रती गेल्या कुठे?

पहिलं कारण साधं आहे. त्या मुलांनी वाचल्या. दुमडून खिशात घातल्या, मित्राला दिल्या, त्यावर पेन्सिलीनं नाव घातलं आणि शेवटी आईनं घर आवरताना फेकून दिल्या. दुसरं कारण विक्रीच्या पद्धतीत आहे. न खपलेल्या अंकाचे पैसे परत मिळवायला विक्रेता अख्खा अंक परत पाठवत नसे. मुखपृष्ठाची वरची पट्टी किंवा मुखपृष्ठच फाडून पाठवायचं, उरलेला अंक लगद्यात. तिसरं कारण दुसरं महायुद्ध. युद्धासाठी कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, आणि मुलांनी आपले गठ्ठे देशासाठी अभिमानानं दिले.

चौथं कारण जरा अस्वस्थ करणारं आहे. १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावात आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये मुलांच्याच हातून कॉमिक्सच्या होळ्या पेटवल्या गेल्या. महायुद्ध संपून तीनच वर्षं झाली होती. नाझींनी केलेल्या पुस्तकांच्या होळ्या लोक विसरले नव्हते, तरीही. पुढे १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञाचं कॉमिक्सविरोधी पुस्तक आलं, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला.

म्हणजे या दुर्मीळतेच्या मुळाशी काय आहे? तिरस्कार आणि बेफिकिरी. ज्या वस्तूला कुणी जपण्यालायक मानलं नाही, तीच आज तिजोरीत आहे.

याची उलटी बाजूही बघून घेऊ. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक आला, क्रमांक ७५. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद. लोकांनी रांगा लावल्या, अनेकांनी दोन-दोन, पाच-पाच प्रती घेतल्या. एक वाचायला, बाकीच्या मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी! लाखो प्रती खपल्या आणि लाखो प्रती आजही त्या पिशवीत जशाच्या तशा आहेत. म्हणून तो अंक आज किरकोळ किमतीत मिळतो. सगळ्यांनीच जपलं की दुर्मीळता संपते. त्या सट्ट्याचा फुगा काही वर्षांत फुटला, कित्येक दुकानं बंद झाली, आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हल कंपनीलाच दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आता प्रतवारीकडे येऊ. १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी कॉमिक्सच्या किमतींची मार्गदर्शिका काढली. तोवर विक्रेता 'चांगली आहे हो' म्हणायचा आणि गिऱ्हाईक विश्वास ठेवायचं. पुढे पुअर, फेअर, गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन, निअर मिंट, मिंट अशी उतरंड रूढ झाली. गंमत म्हणजे या भाषेत 'गुड' म्हणजे बऱ्यापैकी जीर्ण! मग २००० साली सीजीसी नावाची कंपनी आली. ती विकत नाही, घेत नाही, फक्त तपासते. अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते आणि प्रत कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करते. या पेटीला संग्राहक 'स्लॅब' म्हणतात. आपल्याला स्लॅब म्हटलं की घराचं छत आठवतं, पण असो.

तपासतात काय? कण्यावरच्या बारीक रेघा, कोपऱ्यांचा बोथटपणा, पिना गंजल्या आहेत का, पानं पांढरी आहेत की पिवळी पडून ठिसूळ झाली आहेत. हा कागद स्वस्त वृत्तपत्री कागद. त्यातलं आम्लच त्याला आतून खातं. काही दोष तर छापखान्यातलेच. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या मार्व्हल अंकांची उजवी कड कापताना नीट कापली जात नसे, तिचे टवके उडत. प्रत कुणी हातात घेण्याआधीच तिचे गुण गेलेले! आणि पानं मोजतातच. १९७४ च्या 'इन्क्रेडिबल हल्क' क्रमांक १८१ मध्ये वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्णपणे दिसतो. त्या काळी मार्व्हल अंकांत कापून चिकटवायचे छोटे 'स्टँप' छापत. मुलांनी कंपनीच्याच सांगण्यावरून ते कापले, आणि आज नेमक्या त्या चौकोनी भोकामुळे त्या प्रतीची किंमत कोसळते.

गुणांचा पैशाशी संबंध किती? २०१० च्या फेब्रुवारीत 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची ८.० गुणांची प्रत दहा लाख डॉलरना गेली. पुढच्याच महिन्यात ८.५ गुणांची प्रत पंधरा लाखांना. अर्ध्या गुणाला पाच लाख डॉलर! २०१४ मध्ये ९.० ची प्रत बत्तीस लाखांवर गेली. म्हणजे दुर्मीळता दोन प्रकारची असते. एक, मुळात प्रतीच थोड्या उरल्या. दुसरी, प्रती पुष्कळ आहेत पण *चांगल्या* थोड्या. आजचा बाजार बराचसा दुसरीवर चालतो. कंपनी कोणत्या अंकाच्या किती प्रती कोणत्या गुणांच्या, याची गणतीही ठेवते. मात्र ती जनगणनेसारखी वाचू नये. एकच प्रत पेटी फोडून जास्त गुणांच्या आशेनं पुन्हा पाठवली जाते, तेव्हा ती दोनदा मोजली जाऊ शकते. आणि माळ्यावर पडलेली प्रत त्यात येतच नाही.

इथे तत्त्वज्ञानाला तोंड उघडावंसं वाटतं. ढिगाचा पेच तुम्हाला माहीत आहे. एक-एक दाणा काढत गेलं तर ढीग 'ढीग' कधी राहत नाही? तसंच, ९.६ आणि ९.८ मधली रेघ वस्तूत आहे की आपल्या करारात? माझं उत्तर : करारात. पण म्हणून ती खोटी ठरत नाही. परीक्षेचे गुणही करारच असतात, आणि त्यावर आयुष्यं ठरतात.

दुसरा पेच दुरुस्तीचा. 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? इथे तोच प्रश्न. फाटलेला कोपरा नव्या कागदानं भरला, उडालेला रंग लावला, तर प्रत तीच का? बाजाराचं उत्तर स्पष्ट आहे : तिला जांभळी चिठ्ठी लावा. अशी दुरुस्त केलेली प्रत कितीही देखणी असली तरी अस्पर्श प्रतीपेक्षा फार स्वस्त जाते. मात्र दाब देऊन सुरकुत्या काढलेल्या प्रतीला ती चिठ्ठी लागत नाही. का नाही, यावर संग्राहक अजून भांडतात, आणि भांडण रास्त आहे.

शेवटी एक हिशेब मांडतो. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी त्याचे सगळे हक्क १३० डॉलरना विकले. ज्या धनादेशात ती रक्कम होती, तो धनादेशच २०१२ मध्ये १ लाख ६० हजार डॉलरना लिलावात गेला! त्या दोघांना वार्षिक मानधन आणि श्रेयनाम मिळायला १९७५ साल उजाडलं, तेही जाहीर आवाज उठवल्यावर. प्रतीच्या प्रत्येक सुरकुतीचे गुण मोजणाऱ्या या पद्धतीत निर्मात्याच्या वाट्याचा रकाना नाही. आणि पेटीत बंद झालेलं कॉमिक कुणी वाचू शकत नाही. उघडलं की गुण गेले. जपणूक हवीच, पण जपलेली वस्तू वापराबाहेर जाते, ही त्याची किंमत आहे आणि ती कुठल्याही चिठ्ठीवर छापलेली नसते.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे : घरी मराठी इंद्रजाल कॉमिक्स आहेत, वेताळाची, काय करू? १९६४ पासून निघालेली ही मालिका, कित्येकांचं बालपण त्यात आहे. सांगतो. चिकटपट्टी लावू नका, कडा कापून सारख्या करू नका, पिना काढू नका. ओल आणि ऊन यांपासून दूर, सपाट ठेवा. आणि हात स्वच्छ धुऊन, नातवंडांना शेजारी बसवून एकदा वाचून दाखवा. एखादा गुण कमी होईल, होऊ द्या.