लक्ष्मीबाईंचें स्पष्ट बोलणें

नगर जिल्ह्याचा नकाशा पुढें घेऊन बसलें असतां (आतां सरकारदप्तरीं त्याचें नांव अहिल्यानगर असें झालें आहे) आमची दृष्टि नेहमीं दोन गांवांवर स्थिरावते. एक प्रवरेच्या तीरावरचें नेवासें आणि दुसरें मुळेच्या कांठचें राहुरी. मुळा पुढें प्रवरेसच मिळते, तेव्हां दोन्ही गांवें एकाच पाण्याचीं म्हणावयास हरकत नाहीं. नेवाशास शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाशीं बसून ती सांगितली असें परंपरा मानते, तो खांब आजही तेथें पूजिला जातो. राहुरीचें नांव मात्र या विषयांत कोणी घेत नाहीं, आणि आम्हांस आज तें घ्यावयाचें आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत वाणीचें तप सांगितलें आहे. बोलणें खरें असावें, प्रिय असावें, हिताचें असावें आणि ऐकणाराच्या मनास उद्वेग न देणारें असावें, या त्याच्या अटी. तेराव्या अध्यायांत अहिंसेचें विवरण करतांना ज्ञानेश्वरांनीं चालणें, पाहणें यांबरोबर बोलण्याचाही विचार मोठ्या हळुवारपणें केला आहे. तत्त्वाविषयीं कोणाचाच वाद नाहीं. अडचण ही कीं, या चारही अटी एका वाक्यांत एकाच वेळीं क्वचित् जमतात. सभेंत त्या जमविणें त्या मानानें सोपें. घरांत, जेथें रोजचें जेवण एका चुलीवर शिजतें, तेथें फार कठीण. आपल्याकडे त्यावर दोन उपाय रूढ आहेत. एक, वर्षानुवर्षें गिळून बसणें, ज्यास आपण सोशिकपणा म्हणतों. आणि दुसरा, एक दिवस सारें ओकून टाकणें, ज्यास आपण स्पष्टवक्तेपणा म्हणतों. फटकळ मनुष्यास या भूमींत जितका मान मिळतो तितका त्यास मिळावयास नको होता, असें आमचें मत आहे.

तिसरा उपाय एका स्त्रीनें शोधला. तिचें माहेरचें नांव मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचें सोवळें इतक्या थरास गेलेलें कीं घरांत आलेला जिन्नस धुतल्यावांचून चालत नसे. १८८० सालीं नारायण वामन टिळकांशीं लग्न होऊन ती लक्ष्मीबाई झाली. शिक्षण जवळजवळ नाहींच. नवरा कवि, विद्वान्, तापट, हातांत पैसा न ठरणारा, आणि न सांगतां घरांतून निघून जाणारा. १८९५ च्या फेब्रुवारींत टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि एका दिवसांत या बाईची स्थिति अशी झाली कीं नवरा जिवंत असून संसार बुडाला.

त्या काळच्या कुलीन स्त्रीपुढें मार्ग दोनच होते. पति गेला तिकडे मुकाट्यानें जावें, किंवा पति मेला असें समजून माहेरच्या आश्रयास पडावें. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें नातलगांत, नाशिकास व पंढरपुरास राहिल्या. रडल्या, आजारी पडल्या, कविताही करूं लागल्या. परंतु नवऱ्याशीं नातें मात्र त्यांनीं तोडलें नाहीं. पुढें त्या टिळकांकडे परत आल्या त्या स्वतःच्या अटीवर. संसार तुमचा, धर्म माझा. आपलें सोवळें, आपलें पाणी, आपली चूल निराळी ठेवून त्या ख्रिस्ती नवऱ्याच्या घरीं राहूं लागल्या. हें एक वाक्य उच्चारण्यास केवढें बळ लागलें असेल याचा विचार करावा. त्यांत नवऱ्याचा धिक्कार नव्हता आणि शरणागतिही नव्हती. तुमच्यावरची माया हें तुमचा धर्म स्वीकारण्याचें कारण होऊं शकत नाहीं, इतकेंच त्यांचें म्हणणें.

येथें टिळकांचेंही श्रेय मान्य केलें पाहिजे. नगरास अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें १८३१ पासूनचें, तेथें डॉ. ह्यूम यांच्याबरोबर टिळक काम करीत होते. ब्राह्मण उपदेशकाची बायको ख्रिस्ती नाहीं, ही गोष्ट त्यांस जनांत अवघड वाटण्याजोगी होती. पण एवढा तापट मनुष्य या एका बाबतींत थांबला. ज्याच्यापाशीं बोलावयाचें तो कांहीं वेळ तरी ऐकून घेणारा असल्याशिवाय स्पष्ट बोलणें वाऱ्यावर जातें.

राहुरीस असतांना लक्ष्मीबाईंच्या मनांत तो प्रश्न उठला, ज्याच्यासाठीं आम्हीं त्या गांवाचें नांव घेतलें: हा जातिभेद देवानें केला कीं माणसानें? कोणी त्यांस वादांत हरविलें नव्हतें. उत्तर आलें तें आंतून आलें, आणि एकदां आल्यावर ज्यांच्या सावलीसही वडील भ्याले असते त्यांच्या हातचें पाणी पिण्यास त्या कचरल्या नाहींत. १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. मन वळेपर्यंत 'नाहीं' म्हणणें आणि वळल्यावर लाज न धरतां 'होय' म्हणणें, यांपैकीं दुसरेंच अधिक कठीण असावें.

पण हा सारा इतिहास आपणांस कळतो तो त्यांनींच लिहिला म्हणून. टिळक १९१९ च्या मे महिन्यांत वारले. त्यांचें चरित्र लिहावयाचें तर आठवणी हव्यात, म्हणून चिरंजीव देवदत्त आईच्या मागें लागले. आणि आईनें लिहिलें तें 'स्मृतिचित्रें'. १९३४ पासून तें भागाभागानें ग्रंथरूपानें निघालें. १९३६ सालीं लक्ष्मीबाई नाशिकास निवर्तल्या. रमाबाई रानडे यांचें आठवणींचें पुस्तक १९१० चें. त्यांतील पतिभक्ति निर्मळ आहे, आणि तिच्यांत उणें काढण्याचा आमचा हेतु नाहीं. पण तेथें पतीकडे खालून वर पाहिलें आहे. लक्ष्मीबाई समोरासमोर पाहतात.

त्यांची रीत नीट पाहण्याजोगी आहे. टिळकांचा एखादा अविचार सांगतांना त्या काय घडलें तें सांगतात, टिळक कसे होते याचा निवाडा देत नाहींत. घरांत पैसा नसतां टिळकांनीं तो दुसऱ्यास देऊन टाकला, हें सांगतांना ज्यास दिला त्याची नड त्या लपवीत नाहींत, आणि आपली उपासमारही लपवीत नाहींत. आणि हंसूं उडवितात तें बहुधा स्वतःचें आधीं: आपलें अज्ञान, आपला हट्ट, आपलें रुसणें, आपली फजीति. ज्यानें स्वतःस सोडलें नाहीं त्याच्या तोंडून दुसऱ्याचा दोष ऐकतांना तो दोष चावत नाहीं.

आमच्या एका वृद्ध स्नेह्यांचा यावर आक्षेप असे कीं, नवरा गेल्यावर बोलण्यांत शौर्य कसलें? आक्षेप पोकळ नाहीं. परंतु टिळक गेले तरी त्यांस पूज्य मानणारा मोठा समाज हयात होता, आणि कवीच्या विधवेनें आरती ओवाळावी हीच साऱ्यांची अपेक्षा होती. खरी गोष्ट आम्हांस निराळीच दिसते. संसाराच्या ऐन धुमाळींत ही गोडी त्यांच्याही बोलण्यांत नेहमीं नव्हती. तेव्हांचे खटके त्यांनींच नमूद केले आहेत. साठी उलटल्यावर हात येवढा हलका झाला. विद्या पुस्तकांतून आली नाहीं. ती चाळीस वर्षें मुरली.

हें पुस्तक गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं रात्रीं मोठ्यानें वाचलें जात असे. न सांगतां पाहुणे घेऊन येणाऱ्या टिळकांचा एक प्रसंग वाचून आम्ही मनमुराद हंसलों. सौभाग्यवतींनीं पुस्तक मिटलें, चष्मा काढला, आणि शांतपणें म्हणाल्या, "अहो, तुम्ही चार माणसें जेवायला आणतां तेव्हां तुमचा मोठेपणा मला आवडतोच. पण त्या दिवशीं मी ताक पिऊन निजतें, हें तुम्हांला पंचवीस वर्षांत ठाऊक नाहीं. मींही कधीं सांगितलें नाहीं." महाविद्यालयांत तीस वर्षें व्याख्यानें देणाऱ्या आम्हांस त्यावर उत्तर सुचलें नाहीं. थोड्या वेळानें आम्हीं एवढेंच विचारलें कीं उद्यां दोघे यावयाचे आहेत, त्यांस काय कळवूं. त्या म्हणाल्या, "येऊं द्या. मला आधीं सांगितलें, म्हणजे झालें." आणि पुस्तक उघडून पुढें वाचूं लागल्या.