चोरी, दरोडा आणि गागोद्याचे विनोबा

पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे जन्मलेल्या या माणसाला इंग्रज सरकारने आरोपी ठरवले आणि पुढे त्यांच्याच पायाशी दरोडेखोरांनी बंदुका ठेवल्या. हिंसक आणि अहिंसक गुन्ह्यांत कायदा फरक कुठे करतो, हे या दोन प्रसंगांवरून समजून घेता येते.

इंग्लंडात गुन्ह्यांची ‘फेलनी’ आणि ‘मिसडिमीनर’ अशी विभागणी होती. ती १९६७ साली रद्द झाली. आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेने ती घेतलीच नाही. इथे बळाचा वापर प्रत्येक गुन्ह्याच्या व्याख्येतच तोलला जातो.

पेणच्या गणपती कारखान्यातून रात्री कोणी गल्ला पळवला, तर ती चोरी. मालमत्ता ठेवलेल्या इमारतीतली चोरी म्हणून कमाल शिक्षा सात वर्षे. पळताना त्याने कारागिराला गल्ल्यासाठी मारले, तर तीच जबरी चोरी होते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. हाच प्रकार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी नागोठणे ते कोलाड महामार्गावर घडला, तर चौदा वर्षांपर्यंत. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केला, तर दरोडा, आणि त्याला जन्मठेपही होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलमांचे आकडे बदलले, हा जिना मात्र तसाच आहे. पाच हजारांहून कमी किमतीची पहिली चोरी करणाऱ्याने ऐवज परत केल्यास त्याला आता समाजसेवेची शिक्षा मिळते.

पण ‘अहिंसक’ म्हणजे ‘हलका’ नव्हे. लोकसेवकाने सोपवलेल्या पैशाचा अपहार केला, तर कोणाला ओरखडाही न उठता जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. उलट १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला युद्धाविरुद्ध भाषण करून विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, तेव्हा त्यांनी ना कोणावर हात उगारला, ना कोणाचा पैसा घेतला. तरी २१ तारखेला अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा मिळाली. राज्यकर्त्याला अडचणीचा वाटणारा शब्दही गुन्हा ठरू शकतो, हे त्यातून दिसते.

मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात पदयात्रा करणाऱ्या विनोबांपुढे मानसिंगच्या टोळीतले लुक्का आणि सुमारे वीस बागी शरण आले. मेजर जनरल यदुनाथसिंग यांनी मध्यस्थी केली होती. विनोबांनी त्यांना सुटकेचे आश्वासन दिले नाही. खटले न्यायालयात चालायचेच होते. पोलिसांना मात्र अशी शरणागती खटकली.

त्या नाराजीमागे कायद्याचे एक तत्त्व आहे. चोरीच्या खटल्यात मालक तडजोड करू शकतो, कारण नुकसान मुख्यतः त्याचे आहे. जबरी चोरी आणि दरोड्यात ही मुभा नाही. ज्याच्यावर बंदूक रोखली, त्याने माफ केले तरी शेजारच्या गावाचे भय उरते. म्हणून तिथे फिर्याद सरकारची राहते. विनोबांनी माणूस बदलेल असा विश्वास ठेवला, पण न्यायालयाची पायरी ओलांडली नाही. हिंसेची जखम एका माणसाच्या क्षमेने मिटत नाही, एवढेच कायदा सांगतो. आणि शिक्षा भोगूनही माणूस परतू शकतो, एवढेच गागोद्याचा माणूस सांगत होता. या दोन गोष्टींत विरोध नाही.