विमा कंपनी बदलताना मागची वर्षे वाया जातात का?

साठीनंतर आरोग्य विम्याचा हप्ता वाढला की ‘डॉक्टर, कंपनी बदलू का?’ असा प्रश्न नांदेड-लातूरकडचे रुग्ण हमखास विचारतात. उत्तरासाठी थोडा इतिहास पाहू.

१९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणली. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या. निवड वाढली, पण ज्येष्ठांची अडचण कायम राहिली. मधुमेह, रक्तदाब असे आधीचे आजार असले की त्यांच्या खर्चासाठी काही वर्षे थांबावे लागते. हा प्रतीक्षा कालावधी. कंपनी बदलली की ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होई. म्हणून सेवा आवडली नाही तरी लोक जुनीच पॉलिसी चालू ठेवत.

१ ऑक्टोबर २०११ पासून पोर्टेबिलिटी लागू झाली. त्याच वर्षी जानेवारीत मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर आली होती. इथे नंबराऐवजी तुम्ही पूर्ण केलेली प्रतीक्षेची वर्षे सोबत जातात. मात्र हे संरक्षण जुन्या विमा रकमेपुरतेच असते. तीन लाखांचे पाच लाख केले, तर वरच्या दोन लाखांसाठी मोजणी नव्याने होते.

२०२४ मध्ये आधीच्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते.

सरकारी योजनाही लक्षात असू द्या. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होते. लातूरला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. खासगी विमा असला तरी ते मिळते.

बदल करायचाच असेल तर हे पाळा:

• नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करा.
• सगळे आजार आणि गोळ्या स्पष्ट लिहा. लपवलेला आजार पुढे दावा बुडवू शकतो.
• नवी कंपनी नकार देऊ शकते. तिची लेखी मंजुरी हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.
• फक्त रक्कम वाढवायची असेल तर टॉप-अपचा विचार करा; त्याचा प्रतीक्षा कालावधी मात्र वेगळा असतो.

उतारवयात विम्याची खरी कमाई म्हणजे खंड न पडता भरलेली वर्षे. हप्त्यात हजार-दोन हजार वाचवताना ती गमावू नका.