गाडीतला विस्तव आणि नळातले ऊन पाणी

थंड देशांतील प्रवाशाला ऊब ही चैनीची गोष्ट नसून निकडीची गरज असते. ती भागविण्यासाठी मनुष्याने चालत्या गाडीत विस्तव नेला. परंतु तोच विस्तव पुन्हा गाडीबाहेर घालविण्यास त्याला फार मोठी किंमत मोजावी लागली. अमेरिकन आगगाडीचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास या गोष्टीची साक्ष देतो.

त्या काळचे डबे लाकडी असत. डब्यात एक लोखंडी शेगडी कोळशाने वा लाकडांनी पेटविलेली असे. तिच्याजवळचा प्रवासी भाजून निघे, तर दूरचा कुडकुडत राही. तथापि खरा धोका निराळाच होता. १८ डिसेंबर १८६७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील अँगोला गावाजवळ एका गाडीचे मागचे डबे रुळांवरून घसरले व त्यांतील शेवटचा डबा ओढ्याच्या खोल घळीत कोसळला. आपटण्यातून जे वाचले असते, त्यांच्यावर शेगडीतील निखारे विखुरले आणि डबा पेटला. सुमारे ५० माणसे प्राणास मुकली.

याच सुमारास विल्यम बेकर याने ऊन पाण्याची योजना पुढे आणली. आपल्याकडील बंबात मध्ये विस्तव व भोवती पाणी असते. बेकरच्या भट्टीत विस्तवाभोवती नळीचे वेटोळे असे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, आसनांखालच्या नळांतून फिरता फिरता निवे आणि जड होऊन परत भट्टीकडे येई. त्यासाठी पंपाची जरूर नव्हती. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून त्यात मीठ मिसळीत. ऊब आता डब्यात सर्वत्र सारखी पोहोचू लागली. परंतु एक उणीव राहिलीच: भट्टी होती ती डब्यातच.

२९ डिसेंबर १८७६ रोजी ओहायो राज्यात ॲश्टाब्युला येथील लोखंडी पूल हिमवादळात गाडीखाली कोसळला. पडलेल्या डब्यांना आग लागली व सुमारे ९२ जण मृत्यू पावले. ५ फेब्रुवारी १८८७ रोजी व्हर्माँटमध्ये व्हाइट नदीवरील पुलाशी तसाच अनर्थ घडला. अखेर लोकक्षोभापुढे विधिमंडळांना हलावे लागले. न्यूयॉर्क राज्याने १८८७ मध्ये कायदा करून प्रवासी डब्यांतील शेगड्यांना बंदी केली. आंतरराज्य वाहतुकीत राज्याने हात घालू नये, असा वाद एका रेल्वे कंपनीने घातला. पण १८९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि प्रवाशांच्या जीविताचे रक्षण करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला.

मग ऊब आणावयाची कोठून? उत्तर गाडीच्या तोंडाशीच होते. इंजिनात वाफ तयारच असे. तीच नळांवाटे डब्याडब्यांतून नेण्यात आली. जुन्या डब्यांतील बेकरचे नळ काढून टाकण्याचेही सर्वत्र कारण पडले नाही. पाणी तेच, नळ तेच. त्याला तापविणारी मात्र आता वाफ झाली. विस्तव इंजिनात राहिला आणि डब्यात केवळ त्याची ऊब आली.

आज युरोप-अमेरिकेत घरासारख्या सजविलेल्या मोटारगाड्यांतून लोक हिवाळ्यातही प्रवास करतात. जुन्या गाडीत नव्याने ऊन पाण्याचे नळ बसविणारा कारागीर जाणता-अजाणता बेकरचीच वाट चालत असतो. मिठाच्या जागी ग्लायकॉल आले, पाणी फिरविण्यास विजेचा छोटा पंप आला. स्नानाचे पाणी वेगळ्या टाकीत तापते आणि नळांतील पाण्यात ते मिसळत नाही. अशा गाडीला वाफ पुरविणारे इंजिन नाही. म्हणून गॅसची वा डिझेलची ज्योत गाडीतच ठेवावी लागते. परंतु ती बंद पेटीत जळते, हवा बाहेरून घेते आणि विषारी धूर बाहेरच टाकते. त्या पेटीचा सांधा नीट बसला आहे ना, हे कारागीर पुन्हा पुन्हा तपासून पाहतो. त्या दक्षतेमागे अँगोला आणि ॲश्टाब्युला येथे जळालेल्या प्रवाशांचा इतिहास उभा आहे.