उघड्या पोटाची साक्ष

‘घास बत्तीस वेळा चावा’ असे घरी वडीलधारी सांगतात आणि वर्गात आपण सांगतो. पण कशासाठी, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही एका बंदुकीच्या बारापाशी जाऊन पोहोचलो.

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, फरच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराला अगदी जवळून बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले. जखम भरली, पण जठरात उघडणारे भोक बुजले नाही. बोमाँटना पचन डोळ्यांनी पाहायला खिडकीच मिळाली!

१ ऑगस्ट १८२५ रोजी त्यांनी मांसाचे निरनिराळे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी रेशमी धाग्याला बांधून त्या भोकातून आत सोडले. तासाभराने पाव व कोबी निम्मे उरले होते, मांस जसेच्या तसे होते. हा प्रयोग सेंट मार्टिनला सुखाचा झाला नाही. पोट दुखले, डोके दुखले. पुढे तो न सांगता कॅनडाला निघून गेला, यात आम्हाला तरी नवल वाटत नाही. १८२९ मध्ये तो परतला आणि प्रयोग पुन्हा सुरू झाले.

१८३३ साली बोमाँटचे पुस्तक निघाले. त्यातला एक निष्कर्ष आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर देतो: अन्न जितके बारीक, तितके पचन सुकर. हे फळ्यावर पटवता येते. २ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ २४ चौरस सेंटिमीटर. त्याचे २ मिलिमीटरचे हजार घन केले तर एकूण पृष्ठफळ होते २४०. पाचकरसाला काम करायला दसपट जागा!

उरलेल्या निम्म्या उत्तरात मात्र बोमाँट चुकले. लाळेत अन्न विरघळवण्याचा गुण नाही, असे त्यांनी लिहिले. वास्तविक १८३१ मध्येच जर्मनीत लॉइख्स यांनी लाळेने पिष्टाची साखर होते हे दाखवले होते. बोमाँटच्या लेखी धागा रिकामा झाला म्हणजे पदार्थ पचला. पण पाव विस्कटून गळणे वेगळे आणि त्यातल्या पिष्टाचे रूपांतर वेगळे. जठररस प्रथिनांवर काम करतो, पिष्टावर नाही.

लॉइख्सचा शोध वर्गात पडताळता येतो. भाताची पातळ पेज दोन परीक्षानळ्यांत घ्या, एकीत थोडी लाळ मिसळा (ज्याची नळी, त्याचीच लाळ). पेज कोमट असावी, गरम नको. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्हींत आयोडिनचा थेंब टाका. साध्या पेजेत गडद निळा रंग येईल, दुसरीत फिका येईल किंवा येणारच नाही.

घास गिळला म्हणून लाळेचे काम लगेच थांबत नाही. जठरातले आम्ल घासाच्या गाभ्यापर्यंत मुरेपर्यंत ते आत चालू राहते. उरलेले पिष्ट पुढे लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने पचते. म्हणून कमी चावलेला भात वाया जातो असे मुलांना सांगू नये. आणि बत्तीस या आकड्यापुरते बोलायचे, तर मऊ भाताला तितके चावणे नकोच. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाणे यांना कदाचित तेवढेही पुरणार नाही.